नवा कॉम्प्युटर, जुना गेम: मधला दुभाषा नेमकं काय करतो?

हैदराबादच्या ओग्रेहेड स्टुडिओनं २०१७ मध्ये ‘असुरा’ हा गेम विंडोज कॉम्प्युटरसाठी आणला. भारतीय पुराणकथांच्या वातावरणातली मारधाड, दर खेपेला नव्यानं मांडला जाणारा कौशल्यांचा पट, आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीन वर्षांनी, २०२० मध्ये, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला. मोठ्या प्रकाशकाच्या पैशावर नाही, तर लहान टीमच्या जिद्दीवर उभ्या राहिलेल्या अशा खेळांना ‘इंडी गेम’ म्हणतात.

अशा गेमची एक अडचण असते. गेम जसा बनला तसाच राहतो, पण खालचा कॉम्प्युटर बदलत जातो. मोठी कंपनी जुना गेम डागडुजी करून पुन्हा विकू शकते. चार-दहा माणसांची टीम मात्र तोवर पुढच्या कामाला लागलेली असते, कधीकधी पांगलेली असते. मग तुम्ही पैसे मोजून घेतलेला गेम नव्या मशीनवर डबल क्लिक केला तरी उघडत नाही.

आत्ता हा विषय काढायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. नांदेड, बीदर, आदिलाबादकडून हैदराबादला शिकायला गेलेल्या आणि सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारातून सेकंडहँड लॅपटॉप घेतलेल्या पोरांच्या हातात सहाव्या-सातव्या पिढीची मशीन असली, तर ती या नियमात बसत नाही. लॅपटॉप धडधाकट आहे, पण त्याचं पुढं करायचं काय, असा प्रश्न आहे.

दुभाषा म्हणजे काय?

सीमाभागातल्या वाचकाला हे समजावायला फार कष्ट पडणार नाहीत. ऑफिसातला फॉर्म कन्नडमध्ये किंवा तेलुगूत, आपली आजी बोलणार मराठीत. मध्ये एक जण बसतो, आजीचं ऐकतो आणि फॉर्म त्या भाषेत भरतो. आजीला नवी भाषा शिकावी लागत नाही, आणि ऑफिसलाही आपली भाषा बदलावी लागत नाही.

गेमचंही तसंच असतं. खिडकी उघड, इथं हे चित्र काढ, स्पेसचं बटण दाबलंय का ते सांग, अशा मागण्या तो सतत ऑपरेटिंग सिस्टिमकडे करतो. विंडोजसाठीचा गेम या मागण्या विंडोजच्या भाषेत करतो. चित्रं काढण्यासाठीची मायक्रोसॉफ्टची भाषा म्हणजे डायरेक्टएक्स. लिनक्सला ही भाषा कळत नाही. मध्ये बसून ती समजावणारं सॉफ्टवेअर म्हणजे ‘वाईन’. त्याचं काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि पहिली पक्की आवृत्ती, १.०, यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं! विंडोजच्या एकेका मागणीला तोच जबाब देणारं नवं कोड लिहायचं, तेही विंडोजचं मूळ कोड न बघता. एवढा वेळ का लागला ते यावरून कळेल.

इथं एक फरक लक्षात ठेवा. वाईन अख्खा खोटा कॉम्प्युटर उभा करत नाही. गेममधल्या सूचना थेट तुमच्या प्रोसेसरवरच चालतात, फक्त सिस्टिमशी होणारं बोलणं बदलून दिलं जातं. म्हणून वेग फारसा मरत नाही. प्रोसेसरच वेगळ्या जातीचा असेल तर मात्र सूचनांचंही भाषांतर करावं लागतं. ॲपलच्या नव्या मॅकवर ते काम ‘रोझेटा’ करतो.

रस्ता पहिला: विंडोजवरच

तुमच्याकडे विंडोज ११ असेल आणि गेम जुना असेल तर आधी सोपं करून बघा. गेमच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी. तिथं विंडोजची जुनी आवृत्ती निवडता येते. यात विंडोज गेमला चक्क खोटं सांगतं, की मी जुनाच आहे. कित्येक गेम सुरुवातीलाच आवृत्ती तपासतात आणि नंबर ओळखीचा नसला की बंद पडतात, त्यांना एवढं पुरतं. अक्षरं धूसर दिसत असतील किंवा खिडकी भलत्याच आकाराची येत असेल तर त्याच पानावर डीपीआयची सेटिंग आहे. २००० च्या आसपासचे काही गेम ‘डायरेक्टप्ले’ मागतात. तो विंडोजच्या फीचर्सच्या यादीत असतो, पण आपण चालू करावा लागतो.

रस्ता दुसरा: जुन्या लॅपटॉपवर लिनक्स

विंडोज ११ न घेणाऱ्या लॅपटॉपसाठी हा रस्ता कामाचा. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं ‘प्रोटॉन’ आणलं. आत वाईनच आहे, सोबत डायरेक्टएक्सच्या मागण्या ‘व्हल्कन’ या दुसऱ्या ग्राफिक्स भाषेत बदलणारे भाग जोडलेत. लिनक्सवर स्टीम टाका, लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथून प्रोटॉनची आवृत्ती निवडा. एका आवृत्तीवर नाही चालला तर दुसरी निवडून बघा. नवीच चांगली असं नाही. एखाद्या गेमला जुनी आवृत्तीच मानवते. स्टीमबाहेर घेतलेल्या गेमसाठी लुट्रिस, हिरोइक किंवा बॉटल्स ही फुकट सॉफ्टवेअर आहेत.

सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेलमधलं ग्राफिक्स यासाठी पुरतं, कारण त्याला व्हल्कन नीट येतं. तिसऱ्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या लॅपटॉपकडून ही अपेक्षा ठेवू नका. पहिल्यांदा खेळताना गेम अडखळत चालला तर घाबरून बंद करू नका. चित्रांचं भाषांतर तेव्हा नव्यानं होत असतं आणि एकदा झालेलं साठवून ठेवलं जातं.

रस्ता तिसरा: मॅक

इथं गुंता जास्त. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकनं ३२ बिटचे प्रोग्राम बंद केले, आणि नोव्हेंबर २०२० पासून इंटेल सोडून स्वतःचे प्रोसेसर घेतले. त्यामुळे नव्या मॅकवर विंडोजचा गेम चालवायला सिस्टिमचा आणि प्रोसेसरचा असे दोन दुभाषे लागतात. ‘क्रॉसओव्हर’ हे पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर रोझेटाच्या मदतीनं हे जमवतं. गंमत अशी, की एखाद्या इंडी गेमची जुनी ३२ बिटची मॅक आवृत्ती उघडतच नाही, पण त्याच गेमची विंडोज आवृत्ती क्रॉसओव्हरमधून चालू शकते. ॲपलनं २०२५ मध्ये सांगितलंय, की पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच राहील. पुढे त्याचा थोडाच भाग राहील, तोही कुणी सांभाळत नसलेल्या जुन्या गेमसाठी. म्हणजे जुन्या गेमचा प्रश्न ॲपललाही टाळता आलेला नाही.

कुठं अडतं?

सगळं चालतं असं समजू नका. फसवणूक पकडण्यासाठी सिस्टिमच्या आत खोल घुसणारं सॉफ्टवेअर असलेले ऑनलाइन गेम, उदाहरणार्थ व्हॅलोरंट, लिनक्सवर चालत नाहीत. एकट्यानं खेळायच्या इंडी गेमला सहसा ही अडचण येत नाही. सेफडिस्कसारखं कुलूप लावलेल्या जुन्या सीडी विंडोज १० पासूनच नाकारल्या जातात. काही जुन्या गेमचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो, तो ६४ बिट विंडोजवर हलतच नाही. प्रोटॉनवर कधीकधी गेम झकास चालतो, पण मधला व्हिडिओ लागला की रंगीत पट्ट्या दिसतात. तो व्हिडिओच्या फॉरमॅटचा प्रश्न असतो, तुमच्या लॅपटॉपचा नव्हे.

तीन गोष्टी पाळा. एक, ‘अमुक डीएलएल फाइल सापडत नाही’ असा मेसेज आला म्हणून कुठल्याही साइटवरून ती फाइल उतरवू नका. व्हायरस शिरायला तेवढं पुरतं. मायक्रोसॉफ्टचा मूळ पॅकच टाका. दोन, विंडोज पुसून लिनक्स टाकण्याआधी सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घ्या. गेमची क्लाउड सेव्ह चालू आहे असं गृहीत धरू नका. तीन, नवा गेम घेण्याआधी ‘प्रोटॉनडीबी’वर त्याचं नाव शोधा. तिथं लोकांनी कुठल्या मशीनवर काय झालं ते लिहिलेलं असतं. तरी शंका असेल तर स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतं. तेवढ्या वेळात आपल्या मशीनवर तपासून घ्या.

हैदराबादला याचं काय?

खेळणाऱ्याइतकाच बनवणाऱ्याचाही यात फायदा आहे. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातात धरायचं गेमिंग मशीन लिनक्सवर चालतं आणि विंडोजचे गेम प्रोटॉनमधून खेळवतं. हैदराबाद किंवा पुण्यातल्या लहान टीमला त्यासाठी वेगळी आवृत्ती बनवावीच लागते असं नाही. मात्र गेम तिथं तपासून बघणं, गरज नसलेला लाँचर काढून टाकणं आणि व्हिडिओ सहज चालेल अशा फॉरमॅटमध्ये ठेवणं, एवढं त्यांनी करायला हवं. टीम पुढच्या कामाला गेली तरी मग तो गेम दुभाष्याच्या आधारानं चालत राहू शकतो.

आणि तुमच्याकडचा जुना लॅपटॉप भंगारात घालायचा विचार असेल तर आधी लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, चालवून बघा. स्क्रीन, वायफाय, आवाज ठीक असेल तर सेव्ह फाइल बाजूला काढा आणि मग लिनक्स टाका.