छातीचा आघात : लक्षणे व तातडीचे उपाय



नवरात्रात वडोदऱ्याहून अनेक भाविक पावागडावर दर्शनास जातात. काही पायी, काही वाहनाने. दाट गर्दीत वा रस्त्यावरील अपघातात छातीला मार बसल्यास बाहेर जखम दिसत नाही आणि ‘मुका मार आहे, बरे होईल’ असे म्हणून वेळ दवडला जातो. हाच विलंब जिवावर बेतू शकतो. म्हणून पुढील माहिती देत आहोत.

गर्दीत श्वास का कोंडतो?

दि. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे श्री काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी व आग यांत सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी माणसे केवळ तुडवली जाऊनच दगावतात असे नाही. श्वास घेण्यासाठी फासळ्या वर उचलाव्या लागतात. चोहोबाजूंनी दाब आला की छाती फुलत नाही व उभ्या माणसाचाही श्वास कोंडतो. चेहरा व मान जांभळी पडणे, डोळ्यांत रक्ताचे ठिपके येणे ही त्याची खूण होय. गर्दीत दोन्ही हात छातीसमोर धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते.

छातीतील प्रमुख इजा

१. लगतच्या तीन वा अधिक फासळ्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्यास तेवढा भाग सुटा होतो. श्वास घेताना तो आत जातो व सोडताना बाहेर येतो.
२. फुप्फुसाबाहेर हवा कोंडल्यास दम लागतो व त्या बाजूची छाती कमी हलते. दाब वाढत गेल्यास हृदयाकडे परतणारे रक्त अडते, मानेच्या शिरा फुगतात व रक्तदाब कोसळतो. अशा वेळी डॉक्टर एक्स-रेची वाट न पाहता सुईने हवा मोकळी करतात.
३. छातीच्या पोकळीत एक-दीड लिटर किंवा अधिक रक्त साठू शकते. बाहेर एक थेंबही दिसत नाही.
४. हृदयाच्या आवरणात रक्त साठल्यास हृदय पुरेसे भरत नाही.

काय करावे?

तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर असलेल्या रुग्णास श्वास घेणे सोपे जाईल अशा स्थितीत ठेवावे. मात्र मणक्याला इजा झाल्याची शंका असल्यास हलवू नये. श्वास थांबल्यास व येत असल्यास हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन सुरू करावे.

काय करू नये?

रुतलेली वस्तू उपसू नये. छातीवरील उघडी जखम हवाबंद करू नये. छातीभोवती घट्ट पट्टा बांधू नये. खाण्यापिण्यास काहीही देऊ नये.

बहुतेक रुग्णांना मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. प्राणवायू, वेदनाशमन आणि गरज असल्यास हवा वा रक्त काढण्यासाठी छातीत घातलेली नळी एवढ्यावर ते बरे होतात. परंतु त्यासाठी वेळेवर रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. वडोदऱ्यात सर सयाजीराव जनरल रुग्णालय हे वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न मोठे सरकारी रुग्णालय आहे.

वृद्धांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. फासळीच्या वेदनेमुळे खोकणे व दीर्घ श्वास घेणे टाळले जाते आणि काही दिवसांत न्यूमोनिया होतो. प्रथम ठीक वाटलेल्या व्यक्तीसही काही तासांनी दम लागू शकतो.

अपघातग्रस्तास सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. तरी निःशंकपणे पुढे यावे, ही नम्र विनंती.