स्फटिक, क्ष-किरण आणि वीस वर्षांची चिकाटी

२००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः वेंकटरामन रामकृष्णन यांची. चिदंबरमला जन्मलेल्या आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या या शास्त्रज्ञाचा अभिमान वाटणे स्वाभाविकच होते. मात्र, त्यांच्याबरोबर आणि थॉमस स्टाइट्झ यांच्याबरोबर गौरवल्या गेलेल्या इस्रायलच्या अदा योनाथ यांची कहाणी संशोधनगटाच्या नेतृत्वाचा वस्तुपाठ ठरावी अशी आहे.

या तिघांचा विषय होता रायबोसोम, म्हणजेच पेशीतील प्रथिने तयार करणारा कारखाना. त्याची रचना पाहायची, तर प्रथम त्याचे स्फटिक बनवावे लागतात. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि त्या ठिपक्यांच्या नक्षीवरून गणिताच्या साह्याने अणूंची मांडणी उलगडते. प्रथिनांचे स्फटिक मात्र इवलेसे आणि नाजूक असतात. त्यांच्यासाठी लागणारे प्रखर किरण मिळतात सिंक्रोट्रॉनमध्ये. तेथे जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकांच्या साह्याने वळवले जातात. वळताना ते जे किरण बाहेर टाकतात, ते प्रयोगकक्षांकडे नेले जातात.

योनाथ यांनी हे काम हाती घेतले, तेव्हा एवढ्या मोठ्या आणि अस्थिर रेणूसमूहाचे स्फटिक होणेच अशक्य मानले जात होते. अनेकांनी त्यांना स्वप्नाळू ठरवले. बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेतील हाइन्झ-गुंटर विटमन यांनी मात्र पाठबळ दिले आणि १९८०मध्ये पहिले स्फटिक हाती आले. पुढे १९८६ ते २००४ या काळात हॅम्बुर्गच्या 'डेझी' या सिंक्रोट्रॉन केंद्राच्या आवारातील मॅक्स प्लँक संशोधनगटाचे नेतृत्व त्यांनी केले. त्याच वेळी रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतील प्रयोगशाळाही त्या सांभाळत होत्या.

खरी कसोटी पुढेच होती. ज्या प्रखर किरणांमुळे रचना दिसायची, तेच किरण पाहता पाहता स्फटिकाची नासाडी करीत. महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीचे फळ असे क्षणात हातचे जाई. सिंक्रोट्रॉनवरील वेळ तर मोजूनमापून मिळणारा. अशा वेळी कोणता स्फटिक किरणांपुढे धरायचा आणि कोणता राखून ठेवायचा, हा निर्णय गटप्रमुखालाच घ्यावा लागतो. योनाथ यांच्या गटाने स्फटिक द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाजवळ, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपास, झटक्यात गोठवण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे किरणांची हानी मंदावली. आज ही पद्धत जगभर रूढ आहे.

मार्ग मोकळा झाला आणि स्पर्धकही आले. २०००च्या ऑगस्टमध्ये स्टाइट्झ यांच्या गटाने रायबोसोमच्या मोठ्या भागाची रचना प्रसिद्ध केली, तीही मृत समुद्रातील ज्या सूक्ष्मजीवाचे स्फटिक प्रथम योनाथ यांच्याच गटाने मिळवले होते, त्याच्याच आधारे! पुढच्याच महिन्यात लहान भागाची रचना रामकृष्णन आणि योनाथ या दोघांच्याही गटांनी मांडली. नोबेल समितीने तिघांनाही समान वाटा दिला.

या श्रमांचे मोल रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते. एरिथ्रोमायसिनसारखी अनेक प्रतिजैविके जिवाणूंच्या रायबोसोमलाच जखडतात. ती नेमकी कोठे बसतात, हे २००१मध्ये योनाथ यांच्या गटाने दाखवले. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंविरुद्ध नवी अस्त्रे शोधताना हेच नकाशे उपयोगी पडतात.

भारतातही ही सोय आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडस-२' या सिंक्रोट्रॉनवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिन स्फटिकशास्त्रासाठी खास किरणवाहिनी उभारली आहे. यंत्र उभे राहिले, तरी वीस वर्षे एका प्रश्नाचा पाठपुरावा करणारे गट आणि अपयशाच्या काळात त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या संस्था यांवाचून असे शोध लागत नाहीत, हेच योनाथ यांची वाटचाल सांगते.