किती झाले ते विचारू नका

चेंडू पायावर उडवणाऱ्या मुलाला बघणारे एकच प्रश्न विचारतात : किती झाले? दहा झाले की टाळ्या पडतात, पन्नास झाले की मोबाइल बाहेर निघतो, शंभर झाले की मुलगा गावात नावाजला जातो. जगलिंगचा हा आकडा आपल्याकडे कौशल्याची मोजपट्टी होऊन बसला आहे. फ्रीस्टाइल फुटबॉलची एखादी करामत शिकणाऱ्याला मात्र ही मोजपट्टी चुकीच्या वाटेला नेते, असे या लेखाचे म्हणणे आहे. उदाहरणासाठी या खेळाची बाराखडी मानली जाणारी ‘अराउंड द वर्ल्ड’ घेऊ. चेंडू पायाने वर उडवायचा, तो हवेत असतानाच त्याच पायाने त्याच्याभोवती पूर्ण फेरी मारायची आणि खाली येताना पुन्हा पायावर झेलून खेळ चालू ठेवायचा. सांगायला एका वाक्याची ही गोष्ट करताना भल्याभल्यांना घाम फोडते. ती कशी साधते याचा विचार केला, तर यवतमाळसारख्या जिल्ह्यात क्रीडाशिक्षण कसे असावे याचेही थोडे उत्तर हाती लागते.

आधी या कलेची वंशावळ. चेंडू जमिनीवर पडू न देता खेळवण्याचा छंद जुना आहे. जपानमधला केमारी शेकडो वर्षे याच तत्त्वावर खेळला जातो. आग्नेय आशियातला सेपाक टाकरॉ जाळीपलीकडे चेंडू पायाने मारत 1990 च्या बीजिंग एशियाडमध्ये पोहोचला. फुटबॉलच्या चाहत्यांना आठवते ती 19 एप्रिल 1989 ची म्युनिकमधली संध्याकाळ. बायर्नविरुद्धच्या यूएफा कप उपांत्य सामन्याआधी नापोलीचा माराडोना संगीताच्या तालावर, बुटांच्या नाड्या सोडून चेंडू खेळवत होता, आणि तो नुसता सराव लोकांना सामन्याइतकाच लक्षात राहिला. पुढे दक्षिण कोरियाच्या मिस्टर वू यांच्यासारख्यांनी या खेळवण्यालाच स्वतंत्र कला बनवले. 2008 मध्ये साओ पावलो येथे रेड बुल स्ट्रीट स्टाइल या फ्रीस्टाइल स्पर्धेची पहिली जागतिक अंतिम फेरी झाली आणि फ्रान्सचा शॉन गार्निए विजेता ठरला. दोन खेळाडू समोरासमोर, तीन मिनिटे, आळीपाळीने करामती आणि निकाल पंचांचा, असे या लढतींचे स्वरूप. चेंडू किती वेळा उडवला याला तिथे फारशी किंमत नाही. नियंत्रण, अवघडपणा, कल्पकता आणि लय यांना आहे. म्हणजे ज्या खेळासाठी आपण आकडा मोजतो, त्या खेळानेच आकडा मागे टाकला आहे.

आता करामतीच्या पोटात शिरू. ती दिसते पायाची, पण आहे वेळेची. पूर्ण आकाराच्या चेंडूचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर आणि वजन 410 ते 450 ग्रॅम असते. एवढ्या घेराला वळसा घालायला पायाला काही क्षण लागणारच. चेंडू पायापासून 20 सेंटिमीटर वर गेला, तर त्याच उंचीवर परत यायला त्याला सुमारे 0.4 सेकंद लागतात. 45 सेंटिमीटर गेला तर 0.6 आणि 80 सेंटिमीटर गेला तर 0.8 सेकंद. वेळ दुप्पट हवा असेल, तर उंची चौपट करावी लागते. नवशिक्या नेमके हेच करतो : वेळ पुरत नाही म्हणून जोरात मारतो. पण चेंडू किंचित तिरपा उडाला असेल, तर उंची चौपट झाल्यावर तो बाजूलाही चौपट सरकतो. वेळ दुप्पट मिळाला आणि चूक चौपट झाली, असा हा तोट्याचा व्यवहार आहे. म्हणून जाणकार चेंडू कमी उंचीवर ठेवतात आणि वेळ दुसरीकडून मिळवतात. स्पर्श आणि फेरी या दोन वेगळ्या क्रिया ते मानत नाहीत. चेंडूला वर ढकलता ढकलताच पाय त्याच्या कडेने घसरून फेरीला लागतो. टेकलेल्या पायाचा गुडघा सैल, फेरी मारणाऱ्या पायाचा गुडघा वर, फेरी लहान आणि चेंडूला फिरकी जवळपास नाही. यातली एक गोष्ट जरी बिघडली, तरी हजार प्रयत्नांत तीच चूक हजार वेळा गिरवली जाते.

इथे हालचालीच्या शास्त्राची साक्ष काढायला हवी. 1920 च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या सराईत कामगारांच्या हालचालींची छायाचित्रणाच्या मदतीने मापे घेतली. हातोड्याचे टोक दर घावाला जवळपास त्याच जागी पोहोचत होते. खांदा, कोपर, मनगट यांचे मार्ग मात्र प्रत्येक वेळी थोडे वेगळे होते. सराईताचे शरीर ठरलेली हालचाल पाठ करत नाही, तर ठरलेला प्रश्न दरवेळी नव्याने सोडवते, असा त्याचा अर्थ. 1979 मध्ये शिया आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचाली शिकणाऱ्यांचे दोन गट केले. एकाने प्रत्येक हालचालीचा सलग सराव केला, दुसऱ्याने तिन्ही मिसळून केला. सराव चालू असताना सलगवाले पुढे होते. दहा दिवसांनी तपासले तेव्हा मिसळवाल्यांच्या अंगात कौशल्य अधिक मुरले होते. गॅब्रिएल वुल्फ यांच्या 1998 च्या प्रयोगांत आणखी एक बाब पुढे आली : स्वतःच्या अवयवावर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा साधनावर होणाऱ्या परिणामावर लक्ष ठेवणारे चांगले शिकले. तिन्ही निष्कर्ष एकाच दिशेने बोट दाखवतात. करामत शिकणाऱ्याने ‘माझा घोटा कुठे वळला’ यापेक्षा ‘चेंडू कुठे गेला’ हे पाहावे, आणि एकच गोष्ट घोटत बसण्याऐवजी उजवा पाय, डावा पाय, आतून फेरी, बाहेरून फेरी असा पालट ठेवावा. अगदी पहिल्या पायरीवर सलग सरावच सोयीचा, हे मान्य. चेंडू फेरीनंतर खाली पडू द्यावा, मग नुसता झेलावा, मग खेळ पुढे चालवावा. या तीन पायऱ्या जमल्यावर मात्र पालट हवाच.

हे सगळे परदेशी प्रयोगशाळांतले आहे, असे कोणी म्हणू नये. यवतमाळच्या शेजारी अमरावतीत 1914 साली स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. याच परंपरेतल्या मल्लखांबाच्या शिक्षणात साधी उडी पक्की झाल्याशिवाय दसरंगासारख्या पुढच्या पायरीकडे वळत नाहीत, आणि उस्ताद ‘किती वेळा केलीस’ यापेक्षा ‘पकड कुठे सुटली’ हे आधी विचारतो. अवघड हालचालीचे तुकडे पाडून ते पुन्हा जोडण्याची ही रीत विदर्भाच्या अंगवळणी पडलेली आहे. फुटबॉलमध्येही नागपूरचे उदाहरण आहे. विजय बारसे यांनी 2001 मध्ये ‘स्लम सॉकर’ सुरू केले; नागराज मंजुळे यांच्या 2022 च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ते घरोघरी पोहोचले. वस्तीतल्या मुलांच्या हाती चेंडू दिला, तर काय घडू शकते याचा हा जवळचा दाखला.

यावर पहिला आक्षेप असा, की ही सगळी सर्कस आहे. सामन्यात कोणी चेंडूभोवती पाय फिरवत बसत नाही. आक्षेपात तथ्य आहे. सामना जिंकतात ते पास, जागा आणि निर्णय, आणि जगलिंगचा बादशहा संघात निरुपयोगी ठरू शकतो. पण हा आक्षेप करामतीला सामन्याची नोकर समजतो. मल्लखांब कुस्तीला पूरक व्यायाम म्हणून वाढला, तरी आज त्याची स्वतंत्र स्पर्धा कोणी नाकारत नाही. दुसरा आक्षेप, प्रशिक्षकाशिवाय हे जमणार नाही. नुसता व्हिडिओ पाहून नक्कल केली तर बहुधा जमणार नाही, हे खरे. परंतु इथे चूक लपत नाही : चेंडू पुढे गेला, बाजूला गेला, फिरत गेला, प्रत्येकाचे कारण वेगळे आणि समोर दिसणारे. ते वाचायला शिकवणारा शिक्षक पुरे. तो स्वतः करामत करणारा असण्याची गरज नाही. तिसरा आक्षेप, हे उपजत असते. उपजत चपळाई काहींना लवकर पोहोचवते, पण 0.4 सेकंदांचे गणित सगळ्यांना सारखेच आहे, आणि ते सोडवण्याची रीत शिकवता येते.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने याचे महत्त्व साधेच आहे. इथली काळी जमीन पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना दुपारी मैदान नकोसे वाटते. सपाट, गवताळ मैदान मारेगावच्या किंवा झरी जामणीच्या प्रत्येक शाळेला मिळेल अशी चिन्हे नाहीत. फ्रीस्टाइलमधला चेंडू बहुतांशी हवेतच असतो. त्याला शाळेचा व्हरांडा, सावली आणि दोन पावलांची जागा पुरते. खुल्या मैदानावर सहसा मागे राहणाऱ्या मुलींनाही घराच्या अंगणात हा सराव करता येतो. 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने 15 सप्टेंबरला ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ साजरे झाले आणि राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळला गेला. एक दिवस खेळून कौशल्य येत नाही. रोजची वीस मिनिटे आणि चुकांची नोंद यांनी येते. शाळांनी ही वीस मिनिटे वेळापत्रकात द्यावीत, आणि क्रीडाशिक्षकांनी वहीत आकड्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा : चेंडू कुठे सुटला, आणि का. पालकांनीही मुलांना हाच प्रश्न विचारावा.