कागदावर नसलेले दत्तक

भोसरी-मोशीचा कारखान्यांचा पट्टा ओलांडून आळंदीत शिरलं की गल्लीबोळांतून मृदंगाचे बोल कानावर येऊ लागतात. जोग महाराजांनी १९१७ साली इथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. आता तिच्या जोडीला गावात लहानमोठ्या कितीतरी संस्था आहेत. लांबलांबच्या खेड्यांतली पोरं इथे राहून अभंग, चाली, पखवाज शिकतात. आडनाव बापाचं, घडवणारं घर दुसऱ्याचं. याच आळंदीत २० जानेवारी १८९८ रोजी जन्मलेले मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर असेच पोरवयात नाटक मंडळीत गेले आणि तिथून गायक भास्करबुवा बखल्यांच्या हाती लागले. १९२२ मध्ये बुवा गेले, तेव्हा त्यांच्या भारत गायन समाजाची धुरा शिष्यानेच खांद्यावर घेतली. त्यासाठी दत्तकविधान करावं लागलं नाही.

पण काहींच्या बाबतीत घर खरोखरच बदललं. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ जन्माला येण्याआधीच त्यांचे वडील वारले. आजोबा गुलाम अब्बास खाँ यांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, नातवाला मुलासारखं वाढवलं आणि तालीमही स्वतःच दिली. वडिलांचं घराणं रंगीले, गळ्यावर चढलं ते आजोळचं आग्रा. त्यांची ध्वनिमुद्रणं आजही मिळतात. त्यातला नोमतोम ऐकावा: खर्जातून सावकाश उठणारा, धृपदाच्या वळणाचा, भारदस्त आलाप. बाप जगता तर हा मुलगा कदाचित वेगळंच गायला असता. मला तर वाटतं, आग्र्याचं भाग्य त्या पोरकेपणातच होतं.

पुढे फैयाज खाँ बडोद्याच्या दरबारात गायक झाले, आणि तिथे एक गंमत आहे. त्यांचे धनी सयाजीराव गायकवाड स्वतः दत्तक. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा पोर महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतला, तोच गादीवर बसला. कोल्हापुरात गायक अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय देणारे शाहू महाराजही कागलच्या घाटग्यांकडून १८८४ मध्ये दत्तक आलेले. धन्यांच्या दत्तकाला इंग्रज सरकारची मान्यता होती, दप्तरात नोंद होती. फैयाज खाँना मात्र असा कागद मिळणंच शक्य नव्हतं, कारण मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात दत्तकाला औरस मुलाचा वारसाहक्क नाही. पण त्यांना मिळालेल्या इस्टेटीला कागद लागतच नव्हता. बंदिशींची वाटणी तलाठ्याकडे होत नाही.

तबल्यातलं उदाहरण तर अल्लारखाँचं. जम्मूजवळच्या फगवालमध्ये १९१९ साली जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी घरातून पळाला आणि मियाँ कादिरबख्श यांच्याकडे गेला. पंजाब घराण्याच्या या खलिफांना मुलगा नव्हता. त्यांनी शिष्यालाच मुलगा मानलं आणि घराण्याची गादी दिली. अल्लारखाँ पुढे मुंबईकर झाले, ए. आर. कुरेशी या नावाने चित्रपटांना संगीत दिलं, रविशंकरांबरोबर जग फिरले. झाकीर हुसेन त्यांचेच चिरंजीव. कादिरबख्शांनी ते पोर दारातून परत पाठवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचारच करवत नाही.

मुलींच्या वाट्याला हे इतकं सरळ आलं नाही. नायकिणींमध्ये मुलगी दत्तक घेऊन तिला गाणं-नाचणं शिकवायची रूढी जुनी. घर, दागिने आणि कला त्या मुलीकडे जायची. १८८० मध्ये मथुरा नायकीण विरुद्ध येसू नायकीण या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ही रूढी अनीतीची ठरवून असं दत्तक अमान्य केलं. नीतीची चाड ठीक, पण निकालाचा भार त्या मुलीवर पडला. वाढवलेल्या आईच्या घरावर तिचा कायद्याने काही हक्क उरला नाही. गोव्यातल्या कुर्डीच्या गायिका मोगूबाईंना तर कुणी दत्तकही घेतलं नव्हतं. दहाव्या वर्षाच्या सुमारास आई गेली, तेव्हा आधार उरला तो नाटक मंडळीचा. पुढे सांगलीत त्यांचा रियाज अल्लादिया खाँसाहेबांच्या कानी पडला आणि खाँसाहेब आपण होऊन शिकवायला आले.

परदेशात अशी नावं पुष्कळ, आणि तिथे कागदही असतो. न्यूझीलंडची ऑपेरा गायिका किरी ते कानावा काही आठवड्यांची असताना दत्तक गेली. तिच्या गळ्यासाठी आईने कुटुंबाचं बिऱ्हाड ऑकलंडला हलवलं. हीच किरी १९८१ मध्ये चार्ल्स-डायनाच्या लग्नात गायली. रॉकमधल्या डेबी हॅरीचं आडनावही दत्तक आईबापांचंच.

आपल्याकडे हिंदू दत्तक कायदा आला १९५६ मध्ये. शास्त्राप्रमाणे दत्तक म्हणजे मुलगाच, पिंडदानासाठी. ती अट या कायद्याने काढली आणि मुलीलाही जागा दिली. बालन्याय कायद्याखाली तर आता कोणत्याही धर्माच्या माणसाला रीतसर दत्तक घेता येतं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर अंतिम आदेश जिल्हाधिकारी देतात. म्हणून पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरात मूल दत्तक घ्यायचं मनात असलेल्यांना एवढंच सांगणं: ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करा, थांबावं लागलं तरी थांबा, आणि परस्पर मूल मिळवून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. गुलाम अब्बास खाँचं कागदावाचून निभावलं, येसू-मथुरेच्या घरातल्या लेकींचं निभावलं नाही.