फिरण्याची मेंबरशिप: कंपनीकडून नवी घ्यावी की कुणाची जुनी? सही करण्याआधी हा हिशेब करा

पेट्रोल पंपावर, मॉलमध्ये नाहीतर कृषी प्रदर्शनात कुणीतरी आपल्याकडून एक कूपन भरून घेतं. नाव, मोबाईल नंबर, घरात किती माणसं, चारचाकी आहे का. आठ दिवसांनी फोन येतो, "सर, तुमचा नंबर लागलाय. रविवारी मॅडमना घेऊन हॉटेलवर या, गिफ्ट घेऊन जा." तिथं गेलं की चहा-बिस्किट, पडद्यावर मनाली, गोवा, मुन्नार. दोन-तीन तासांनी टेबलावर फॉर्म येतो आणि सांगतात, "ही ऑफर फक्त आजच्यापुरती."

याला टाइमशेअर किंवा हॉलिडे मेंबरशिप म्हणतात. पूर्वी हे शहरातल्या नोकरदारांपुरतं होतं. आता रस्त्यात जमीन गेलेले, उसाचं बिल आलेले, नुकतेच रिटायर झालेले अशा सगळ्यांना फोन येतात.

आमच्या गावातल्या एका गुरुजींनी दहा वर्षांपूर्वी अशी २५ वर्षांची मेंबरशिप घेतली. तेव्हा अडीच लाख मोजले. चार वेळा फिरून आले, मग गुडघे दुखायला लागले आणि जाणं बंद झालं. आता ती विकायला काढलीय. योगायोग असा की त्यांच्या पुतण्यालाही जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून नवी मेंबरशिप दाखवली. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "दादा, काका एक लाखात देतायत, कंपनी चार लाख म्हणते. वस्तू तर एकच आहे. काय करू?"

प्रश्न एकट्या पुतण्याचा नाही, म्हणून सगळं उलगडून लिहितोय.

आधी समजून घ्या, विकत काय मिळतं

मेंबरशिप म्हणजे मालमत्ता नाही. सातबाऱ्यावर नाव लागत नाही, इंडेक्स टू निघत नाही. वर्षातले ठराविक दिवस, बहुतेक वेळा सात रात्री, कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क ठराविक वर्षांसाठी मिळतो, एवढंच. मुदत संपली की हातात काही उरत नाही.

किंमत तीन गोष्टींवर ठरते: किती वर्षं, खोली केवढी आणि सीझन कोणता. आपल्याकडच्या एका मोठ्या कंपनीने सीझनला रंगांची नावं दिलीत, जांभळा, लाल, पांढरा, निळा. गर्दीचा सीझन महाग, मंदीचा स्वस्त. दिवाळी, नाताळ, मे महिना बहुतेक ठिकाणी महागात जातात. स्वस्तातला सीझन बऱ्याचदा पावसाळ्यात येतो, म्हणजे आपल्या पेरणी-कोळपणीच्या दिवसांत. स्वस्त मिळाली म्हणून घेतली आणि त्याच दिवसांत शेत सोडता येत नसेल, तर ती मेंबरशिप कपाटातच राहणार.

आणि किंमत एकदा भरली की संपलं असं नसतं. दरवर्षी देखभालीची वार्षिक फी असते, त्यावर १८ टक्के जीएसटी. तुम्ही जा किंवा जाऊ नका, फी लागतेच. करारात फी वाढवायची तरतूदही असते. जेवण आणि प्रवास वेगळा.

पुतण्याचा हिशेब

पुतण्याच्या कागदावर वार्षिक फी १८,००० रुपये होती. जीएसटी धरून २१,२४०. फी कधीच वाढणार नाही असं धरूनही २५ वर्षांत ती होते ५,३१,००० रुपये. म्हणजे चार लाखांच्या मूळ किमतीपेक्षा जास्त. हॉटेलवर तीन तास किमतीचीच चर्चा झाली, फीचा विषय दोन मिनिटांत संपवला.

नवी घेतली तर: चार लाख भागिले २५ वर्षं, वर्षाला १६,००० रुपये. त्यात फी मिळवली की ३७,२४०. सात रात्रींनी भागलं की एका रात्रीला ५,३२० रुपये.

काकांची घेतली तर: एक लाख किंमत. नाव बदलायची फी कंपनी किती घेते हे त्याला माहीत नव्हतं, आम्ही ३०,००० धरली. एकूण १,३०,०००, उरलेली १५ वर्षं. वर्षाला ८,६६७ रुपये. फी मिळवून २९,९०७. एका रात्रीला साधारण ४,२७२ रुपये.

किमतीत तीन लाखांचा फरक दिसत होता. रात्रीच्या हिशेबात तो हजार रुपयांवर आला. कारण फी दोन्हीकडे तेवढीच आहे. जुनी घेतल्याने पहिला खर्च कमी होतो, दरवर्षीचा नाही.

अजून एक बाजू बघा. चार लाख बँकेत एफडीला ठेवले आणि समजा ७ टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला २८,००० येतात. त्या व्याजात फीचे २१,२४० मिळवा, ४९,२४० झाले. सात रात्रींना भागा, रात्रीला सात हजार रुपयांची खोली झाली. त्यात कुठेही राहा, आवडेल तेव्हा जा, आणि २५ वर्षांनी चार लाख जागेवरच. कर्ज काढून किंवा ईएमआयवर घेणार असाल तर व्याज उलटं तुमच्या अंगावर येतं.

हे सगळं दरवर्षी सात रात्री पुरेपूर वापरल्या तर. वर्षाआड गेलात आणि न वापरलेले दिवस बुडाले, तर नवीतली रात्र १०,६४० रुपयांना पडते. दिवस पुढच्या वर्षात साठवता येतात का, किती वर्षं, हे करारात बघा.

नवी घेण्यात फायदा काय

नवी वाईटच, असं म्हणणं नाही. नव्या मेंबरशिपमध्ये पूर्ण मुदत मिळते, हवा तो सीझन निवडता येतो, जुनी थकबाकी नसते. दुसऱ्या कंपन्यांच्या किंवा परदेशातल्या रिसॉर्टशी दिवसांची अदलाबदल करायची सोय असेल तर ती नक्की मिळते. करार थेट कंपनीशी असल्याने तक्रार कुणाविरुद्ध करायची हेही स्पष्ट असतं.

पण एक लक्षात ठेवा. युरोपात कायद्यानेच टाइमशेअर घेणाऱ्याला १४ दिवसांत करार रद्द करता येतो. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. रद्द करायची मुदत करारात लिहिली असेल तेवढीच, आणि ती अगदी थोड्या दिवसांची असते. म्हणून सही केल्यावर घरी येऊन पहिल्यांदा तेच कलम शोधा. रद्द करायचं असेल तर फोनवर बोलून थांबू नका. ईमेल करा, शिवाय पोच मिळेल असं पोस्टाने पत्र पाठवा.

विकणारा माणूस तोंडाने जे सांगतो, "दिवाळीला हमखास खोली मिळेल", "नको झाली तर कंपनी परत घेईल", ते सगळं कागदावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर ते नाहीच असं धरा.

जुनी घेताना कागद असे तपासा

जुनी गाय बाजारातून आणताना आपण दात बघतो, सड बघतो, किती वेत झाले विचारतो. इथंही तसंच.

१. मूळ करार आणि मेंबरशिपचं सर्टिफिकेट डोळ्यांनी बघा. फोटोवर विश्वास नको. कुणाच्या नावावर आहे? नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागणार.

२. मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर होते का, हे कंपनीला लेखी विचारा. फी किती लागेल, तेही लेखी घ्या. काही करारांत घरच्याच माणसाला देता येते, बाहेरच्याला नाही.

३. थकबाकी आणि राहिलेले हप्ते किती, याचं पत्र कंपनीकडून विकणाऱ्याने आणावं. न भरलेली फी नव्या माणसाच्या गळ्यात पडू शकते.

४. मुदत किती उरली, सीझन कोणता, खोली केवढी, पुढच्या वर्षाचे दिवस आधीच वापरून टाकलेत का.

५. नाव बदलल्यावर कोणत्या सवलती बंद होतात. अदलाबदलीची सोय, साठवलेले दिवस, पहिल्या मेंबरला दिलेल्या ऑफर पुढच्याला मिळतीलच असं नाही.

६. पूर्ण पैसे आधी देऊ नका. कंपनीचं नाव बदलल्याचं पत्र आलं की मगच, आणि बँकेतूनच द्या. व्यवहाराचा साधा लेखी करार दोन साक्षीदारांसह करून ठेवा.

जुनी घेताना एक कमजोरी राहते. दोन माणसांमधल्या अशा व्यवहारात फसगत झाली तर विकणाऱ्याला ग्राहक आयोगात खेचणं अवघड असतं. तो व्यापारी नसतो. म्हणून सगळी खात्री आधीच करायची.

विकायला काढलीय? मग हा फोन तुम्हालाही येईल

मेंबरशिप विकायची जाहिरात टाकली की काही दिवसांत फोन सुरू होतात. "तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक तयार आहे, पाच लाख देतोय. फक्त फाईलचे आणि जीएसटीचे पंचवीस हजार आधी भरा." पैसे भरले की अजून एक चार्ज निघतो, मग फोन बंद. खरा घेणारा तुमच्याकडून पैसे मागत नाही. अशा फोनला ओटीपी, बँकेची माहिती काही देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर कराल तितके पैसे परत मिळणं अवघड होत जातं.

"फिरायला जाऊ नका, पैसे वाढवून परत देतो" म्हटलं तर

हा वेगळाच प्रकार आणि सगळ्यात धोक्याचा. मेंबरशिप फिरण्यासाठी असते. कुणी म्हणालं की नाही गेलात तरी मुदत संपल्यावर जास्त रक्कम परत मिळेल, तर ती फिरण्याची मेंबरशिप राहत नाही, ती ठेव झाली. लोकांकडून अशी ठेव गोळा करायला सेबीची परवानगी लागते.

पॅनकार्ड क्लब्सचं नाव आपल्याकडे गावोगाव माहीत आहे. रिसॉर्टमधल्या रात्रींच्या नावाखाली पन्नास लाखांहून अधिक लोकांकडून सात हजार कोटींहून अधिक रुपये गोळा झाले. सेबीने ही बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. त्याआधी २०१५ मध्ये रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स यांच्या टाइमशेअर योजनांवरही सेबीने कारवाई केली होती. आदेश निघाला म्हणून पैसे लगेच हातात येत नाहीत, हे आपल्या ओळखीतल्या कुणाला तरी विचारून बघा. एजंट बऱ्याचदा गावातलाच, नात्यातलाच होता. तोही बुडाला आणि नातंही बुडालं.

तक्रार कुठे करायची

कंपनीने कबूल केलेलं दिलं नाही, तर आधी लेखी तक्रार करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आता कंपनीचं ऑफिस मुंबईला असो की चेन्नईला, तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. पावत्या, ईमेल, मेसेज पुसू नका.

मग घ्यायची कुणी?

दरवर्षी आठवडाभर घर सोडता येतं, मुलांच्या सुट्ट्या ठरलेल्या आहेत, एकाच कंपनीची रिसॉर्ट आवडतात आणि फी भरायला अडचण नाही, अशा घराला मेंबरशिप परवडू शकते. त्यांनीही आधी ओळखीच्याची जुनी मिळते का बघावं, कागद पक्के असतील तर ती स्वस्त पडते. ज्यांच्या दावणीला दुभती जनावरं आहेत, पाणी पाळीवर येतं, त्यांनी जमेल तेव्हा जावं आणि जमेल तिथे खोली घ्यावी. महाबळेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली, चिखलदरा इथे एमटीडीसीची निवासस्थानं आहेत. तिथे राहिलेल्या रात्रीचेच पैसे द्यावे लागतात.

पुतण्याने काय केलं? मी त्याला आधी काकांकडून थकबाकीचं पत्र मागवायला सांगितलं. पत्र आलं, तर दोन वर्षांची फी थकलेली निघाली, ४२,४८० रुपये, वर व्याज वेगळं. गुरुजींनी फसवलं नव्हतं. "जातच नाही तर फी कशाची?" असं त्यांना वाटत होतं. पुतण्याने दोन्ही नाकारल्या. पण काकांना घेऊन स्वतः कंपनीच्या ऑफिसात गेला, व्याज माफ करायचा अर्ज दिला आणि मेंबरशिप सोडायची तर काय अटी, ते लेखी मागितलं. उत्तर यायचंय.

घरात सहा गायी आहेत. दोन वेळची धार काढायला कोण थांबणार, हे ठरल्याशिवाय मनालीचं नाव काढायचं नाही, असं त्याच्या आईने सांगितलंय. हॉटेलवरच्या तीन तासांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.