एक टाकी पाणी, एक युनिट वीज

घोटीच्या भातगिरणीत पट्टा फिरत असतो, एकीकडे तांदूळ पडतो, दुसरीकडे तुसाचा ढीग वाढतो आणि मीटर पळत असतं. त्या मीटरवरचं एक युनिट म्हणजे किती? गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी आठवा. ती काठोकाठ भरून चारशे मीटर उंच कड्यावरून सगळं पाणी खाली सोडलं, तर हाती येते जेमतेम एक युनिट वीज.

हे रोज घडतं तो कडा लांब नाही. घोटीहून बारी, मग शेंडी, मग घाटघर. वरच्या धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून चारशे मीटरहून जास्त खाली, कोकणाच्या अंगाला चोंढ्याकडे उतरतं. वीज शिल्लक असेल तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. तिथे वीजनिर्मितीचे दोन संच, मिळून 250 मेगावॅट. सहा तास चालले की 15 लाख युनिट. म्हणजे पंधरा लाख टाक्या, दीडशे कोटी लिटर पाणी, एका संध्याकाळपुरतं!

आता उन्हाचा भाव बघा. केंद्रीय वीज नियामक आयोगाने 2010 मध्ये सौर विजेसाठी युनिटला 17 रुपये 91 पैसे दर धरला होता. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडल्याला तो 2 रुपये 44 पैशांवर आला, डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात 1 रुपया 99 पैशांवर. दहा वर्षांत किंमत नवव्या हिश्श्यावर!

पण हा भाव दुपारचा. दिवे लागतात संध्याकाळी.

दुपारची वीज संध्याकाळसाठी राखायची तर घाटघरसारखं पाणी वर चढवून ठेवावं लागतं. पाणी चढवायला चार युनिट घालावी तेव्हा उतरताना तीन मिळतात. घाटघरच्या एका संध्याकाळसाठी दुपारी 20 लाख युनिट हवीत. एक किलोवॅट पॅनेल दिवसाला चार युनिट देतं असं धरलं, तर 500 मेगावॅट पॅनेल, म्हणजे दोन-अडीच हजार एकर जमीन. तीही घोटीत नको, कारण आषाढ-श्रावणात इथे सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. ऊन दुष्काळी पट्ट्यातलं, डोंगर आमचा, आणि मधल्या तारांचा खर्च वेगळाच.

30 मे 2024 रोजी देशाची विजेची मागणी 250 गिगावॅटला पोहोचली. घाटघरच्या बरोबर हजारपट. असे हजार कडे आणायचे कुठून?

म्हणून नियोजनाच्या कागदावर ‘सौर वीज, अडीच रुपये’ एवढंच लिहिणं मला अपुरं वाटतं. शेजारी वेळ लिहायला हवी: दुपारी एकला किती, रात्री आठला किती. दोन्हींतला फरक ग्राहकाच्या बिलात उतरला, की लोक आपोआप काम दुपारकडे सरकवतील. दुपारीच वापरलेल्या युनिटला ना धरण लागतं, ना बोगदा, ना ते चाराचं तीन होतं.

तेव्हा गिरणीवाल्यांनो, जमेल तेवढं भात उन्हातच भरडून घ्या. आणि दर ठरवणाऱ्यांनो, त्यांना ते परवडेल असं करा.