वृक्षमंडूक जीवालय

वृक्षमंडूक जीवालय : झाडांवर राहणाऱ्या बेडकांना त्यांच्या नैसर्गिक निवाऱ्याशी मिळत्याजुळत्या परिस्थितीत ठेवण्यासाठी जिवंत वनस्पती लावून तयार केलेली काचपेटी. जलजीवालयात पाणी हे माध्यम असते. येथे माती, वनस्पती व दमट हवा यांचा मेळ घालावा लागतो. लंडनमधील वैद्य नाथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांना १८२९ मध्ये एका बंद बाटलीतील ओलसर मातीत नेचा आपोआप उगवलेला आढळला. त्यावरून त्यांनी तयार केलेली ‘वॉर्ड पेटी’ ही अशा पेट्यांची पूर्वज होय. मात्र वनस्पतीला मानवणारी बंद पेटी बेडकाला मानवतेच असे नाही. बीडसारख्या कोरड्या व उष्ण जिल्ह्यात तर हा फरक बेडकाच्या जिवावर बेतू शकतो.

बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो आणि उन्हाळ्यात तेथील तापमान ४०° से.पलीकडे जाते. अशा हवामानातही भारतीय वृक्षमंडूक तग धरू शकतो. पॉलिपिडेटीस मॅक्युलेटस या शास्त्रीय नावाच्या या जातीचे वर्णन जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० मध्ये केले. बोटांच्या टोकांवरील चकत्यांच्या साहाय्याने तो गुळगुळीत भिंतीवरही चढतो. कोरड्या दिवसांत न्हाणीघराचा कोपरा, रांजणामागची ओल किंवा हौदाची कड तो सोडीत नाही. त्वचेतून स्रवणारे श्लेष्म व मेद तो पायांनी अंगभर पुसून घेतो आणि त्यामुळे अंगातील पाण्याचे बाष्पीभवन कमी होते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. परदेशांतील दमट अरण्यांतून आलेल्या अनेक जातींना हे साधत नाही.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते त्वचेतून, मुख्यतः पोटाच्या मागील भागातील पातळ त्वचेतून शोषून घेतो. त्याच त्वचेवाटे श्वसनाचा काही भाग आणि शरीर थंड राखण्याचे कामही चालते. म्हणून पेटीत ओलावा हवा, हे सर्वांना पटते. पण खेळती हवा हवी, हे सहसा ध्यानात येत नाही. हवा बाष्पाने पूर्ण भरली म्हणजे बाष्पीभवन थांबते आणि बेडकाला अंग थंड करण्याचा मार्गच उरत नाही. उन्हाळ्यात पेटी गरम झालेली पाहून तिच्यात पाणी फवारायचे व झाकण घट्ट लावायचे, ही चूक वारंवार घडते. अशी पेटी म्हणजे वाफेचे भांडे होय. उन्हाची तिरीप पडणाऱ्या खिडकीशी ठेवलेल्या पेटीत तर थोड्याच वेळात प्राणघातक उष्णता साचते.

यासाठी पेटी रुंदीपेक्षा उंच घेतात. तीन-चार मध्यम आकाराच्या बेडकांसाठी ४५ सेंमी. लांब, तेवढीच रुंद व ६० सेंमी. उंच पेटी पुरेशी होते. दारापाशी खालच्या बाजूस जाळीची पट्टी आणि छतावर बारीक जाळी ठेवल्यास तापलेली हवा वर निघून जाते व खालून ताजी हवा येते. जाळी खरखरीत असू नये, कारण बेडकाचे नाक तिच्यावर घासून जखमी होते. दिवसाचे तापमान २२° ते २८° से. व आर्द्रता ६० ते ८० टक्के ठेवावी. दिवसातून एकदा तरी काचेवरील दव सुकले पाहिजे. जाड भिंतींच्या माळवदाच्या घरातील आतली खोली पेटीसाठी उत्तम. पत्र्याच्या घरात मात्र उन्हाळ्यात वीज गेली, की काही उपाय चालत नाही. तेथे हा छंद न केलेलाच बरा.

तळाशी ४–५ सेंमी. जाडीचा खडीचा किंवा फुटक्या कौलांच्या तुकड्यांचा थर देतात. त्यावर नायलॉनची जाळी पसरून काथ्याचा भुसा, पालापाचोळ्याचे कुजलेले खत, जाड वाळू व थोडा कोळसा यांचे मिश्रण ६–८ सेंमी. भरतात. जिल्ह्यात मुबलक असलेली काळी माती येथे उपयोगी नाही. ती ओलीने फुगते, वाळली की भेगाळते आणि मुळांची हवा कोंडते. वर पसरण्यासाठी आंबा किंवा वडाची वाळलेली पाने चालतात, मात्र ती कापसाच्या शेताजवळची नसावीत. कीटकनाशकाचा अल्पसा अंशही बेडकाच्या त्वचेतून आत जातो. रोपवाटिकेतून आणलेली रोपेसुद्धा धुऊन, माती बदलून, काही आठवडे वेगळी ठेवून मगच लावतात. मनीप्लँट, सिंगोनियम, नेचे यांसारख्या सावलीत वाढणाऱ्या वनस्पती सोयीच्या. काटेरी व चिकाच्या वनस्पती टाळाव्यात. बसण्यासाठी पेरूची फांदी किंवा बांबू तिरपा बसवितात. बाभूळ काट्यांमुळे, तर कडुनिंब त्यातील कीटकमारक द्रव्यामुळे वर्ज्य.

ही वनस्पतिसृष्टी केवळ शोभेची नव्हे. विष्ठेपासून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे मातीतील जीवाणू प्रथम नायट्राइटात व पुढे नायट्रेटात रूपांतर करतात. नायट्रेट मुळे शोषून घेतात. मातीत सोडलेले स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म प्राणी बुरशी व कुजणारी पाने खाऊन टाकतात. पेटी लावल्यावर हे चक्र जमण्यास महिना-दीड महिना लागतो. बेडूक त्यानंतरच सोडावेत.

पाण्याचा प्रश्न बीडमध्ये विशेष नाजूक आहे. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या भांड्यात एक दिवस ठेवल्यास बहुतांशी उडून जातो. कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार मात्र उडत नाहीत. ते काचेवर डाग पाडतात व मातीत साचत जातात. फवारणीसाठी साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी सर्वांत चांगले. पेटीतील उथळ भांड्यातले पाणी रोज बदलावे.

वृक्षमंडूक निशाचर असल्याने त्यांना संध्याकाळी खाद्य देतात. डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठे नसलेले, पाळलेले रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळून प्रौढांना आठवड्यातून दोन-तीनदा पुरतात. घरातील झुरळे कधीही देऊ नयेत. दिवसा १०–१२ तास प्रकाश व रात्री पूर्ण अंधार असावा. बेडूक हाताळायचाच झाल्यास साबण नसलेल्या ओल्या हातांनी हाताळावा आणि नंतर हात धुवावेत, कारण त्याच्या अंगावर सॅल्मोनेला जीवाणू असू शकतात.

रानातील बेडूक पकडून पेटीत ठेवणे योग्य नाही. बंदिवासात पैदास झालेलेच घ्यावेत. लाल डोळ्यांचा अमेरिकी वृक्षमंडूक ज्या ॲगॅलिक्निस प्रजातीत मोडतो, ती २०१० पासून सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. पाळलेला बेडूक ओढ्याकाठी सोडून देणे दयाळूपणाचे वाटले, तरी ते घातक आहे. १९९९ मध्ये वर्णन झालेली कायट्रिड बुरशी अशाच मार्गांनी पसरते. तिच्यामुळे जगातील अनेक बेडूक जाती नष्ट झाल्या आहेत. पेटी धुतलेले पाणीही म्हणून ओढ्यानाल्यात ओतीत नाहीत.

स्थानिक वृक्षमंडुकाला पेटीची गरजच नसते. पावसाळ्यात मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर किंवा हौदाच्या भिंतीवर पांढऱ्या फेसाचे घरटे करून त्यात अंडी घालते. काही दिवसांनी फेस विरघळून डिंभ खालच्या पाण्यात पडतात. परसातील रोपांच्या सावलीत पाण्याचे एखादे उथळ कुंड भरून ठेवले, त्यात मासे सोडले नाहीत आणि आसपास औषध फवारले नाही, तर पहिल्या पावसानंतर तो तेथे आपण होऊन येतो.